मिटलेले दिवे

'सप्तसागर' हॉटेलच्या भिंतींतून पहिल्यांदा दिवे बाहेर आले, तेव्हा खारवेळ गावातलं शेंबडं पोरसुद्धा घरात थांबलं नव्हतं. सगळा गाव समुद्रकाठच्या पुळणीवर, वाळूत लोटला होता. सूर्य नुकताच बुडाला होता. समोर ती नवी करडी इमारत उभी होती, उभा चिरलेला कातळ असावा तशी सपाट आणि कोरी. मग तळमजल्यापासून ती फुलायला लागली. भिंतीत बारीक फटी उघडल्या, फटीफटीतून हातभर लांबीची काडी अलगद बाहेर आली, आणि काडीच्या टोकाशी मधाच्या रंगाचा दिवा लागला. बघता बघता सगळी इमारत दिव्यांच्या तुऱ्यांनी भरून गेली.

"पापण्या उघडल्या गो बाय!" तनुजाची आई म्हणाली, आणि तेव्हापासून गावात त्या दिव्यांचं नाव 'पापण्या' असंच पडलं.

आईच्या पलीकडे डॉक्टर विश्राम आजगावकर उभे होते. त्यांनी हॉटेलच्या पुण्यातल्या कचेरीला फोन लावला. "हं, मिटवा," एवढंच ते म्हणाले. दिवे विझले, काड्या माघारी वळल्या, फटी बंद झाल्या. पुळणीवर इतका मिट्ट काळोख झाला की शेजारच्याचं तोंड दिसेना. पहिली टाळी तनुजाने वाजवली.

ती टाळी तिला पुढे फार महागात पडली.

तनुजा भाटकर ही खारवेळचीच. मत्स्यशास्त्र शिकायला रत्नागिरीला गेली, तिथे आजगावकर सरांच्या हाताखाली पडली आणि शिकून पुन्हा गावात आली. समुद्री कासवांवर सरांचा शब्द अख्ख्या किनाऱ्यावर शेवटचा मानला जाई. गावातल्या लोकांना कासवाची अंडी खाण्यापासून परावृत्त करायला पहिल्यांदा आले ते सर. देवळात बसून पोरांना गोष्टी सांगितल्या ते सरांनी. तनुजाचे वडील होडीवर गेले ते परत आलेच नाहीत, त्या वर्षी तिची फी कुणी भरली हे तिने कधी विचारलं नाही आणि सरांनी कधी सांगितलं नाही. तिला माहीत होतं, एवढंच.

आता खारवेळला दर घरात पाहुण्यांची सोय होती. हिवाळ्यात माद्या अंडी घालायला येत, उन्हाळ्याच्या तोंडावर पिल्लं निघत, आणि ती समुद्रात जाताना बघायला मुंबई-पुण्याची माणसं येत. त्यासाठी गावाने रात्रीचे दिवे सोडले होते. पुळणीकडच्या खिडक्यांना जाड पडदे, रस्त्यावर दिवा नाही, लग्नात रोषणाई नाही, रात्री पुळणीवर पाऊल नाही. म्हणून हॉटेल येणार म्हटल्यावर गाव पेटून उठला होता.

तेव्हा ग्रामसभेत तोड काढली ती सरांनी. मिटणारे दिवे. काडीतली तार अशा मिश्रधातूची होती की तिला स्वतःचा आकार लक्षात राही. वीज सोडली की ती तापून सरळ होई, वीज काढली की निवून पुन्हा वळे. मोटार नाही, दाते नाहीत, खाऱ्या हवेत गंजायला काही नाही. वादळ आलं तरी पुण्यातून एका बटणावर सगळं आत. पावसाळ्यात आणि दिवाळीत हॉटेलने हवं तितकं सजावं, पण कासवांच्या हंगामात अंधार पडायच्या आत पापण्या मिटायच्या, असा करार झाला.

"पण ते मिटतील याला जामीन कोण?" कुणीतरी विचारलं होतं.

"मी," तनुजा उठून म्हणाली होती. "सरांनी तपासलंय. सरांवर विश्वास नसेल तर माझ्यावर ठेवा."

सरपंच मृणाल सुर्वे तिची बालमैत्रीण. दोघी एका बाकावर शिकलेल्या. मृणालने तिच्याकडे बघितलं आणि हात वर केला. मग हळूहळू सगळे हात वर झाले.

*

उजेडाचं एवढं काय, असं पाहुणे नेहमी विचारत, आणि तनुजाला ते समजावून सांगायला आवडे. कासवाच्या पिल्लाला समुद्र कुठे आहे हे कुणी सांगत नाही. आई तर अंडी घालून कधीच निघून गेलेली असते. पिल्लू वाळूतून डोकं वर काढतं आणि जिकडे क्षितिज जास्त उजळ दिसेल तिकडे चालू लागतं. काळोख्या रात्री जमिनीपेक्षा पाणीच उजळ असतं, म्हणून लाखो वर्षं ही युक्ती चुकली नाही. माणसाने दिवा लावला आणि ती चुकली. मादीचं उलट. उजेड दिसला की ती किनाऱ्याला लागतच नाही, अंडी पोटात घेऊन दुसरी वाळू शोधत जाते. आणि पिल्लू जिथे जन्मतं त्या जागेची खूण, पृथ्वीच्या चुंबकत्वाची त्या ठिकाणची चव म्हणा हवी तर, त्याच्या डोक्यात कायमची कोरली जाते. मोठी झाल्यावर मादी सगळा समुद्र फिरून त्याच भागात परत येते.

"म्हणजे माहेरीच बाळंतपण," कुणीतरी म्हणे, आणि सगळे हसत.

हॉटेल आल्यानंतरचा पहिला हंगाम ठीक गेला. दुसऱ्यात घरटी कमी झाली. तिसऱ्यात तनुजा पहाटे पहाटे पुळणीवर हिंडे आणि रिकाम्या हाताने परत येई. उत्तरेला डोंगराच्या सोंडेपलीकडे घारपुळण नावाची ओसाड वाळू होती. तिथे मात्र माद्यांच्या चालीचे पट्टे दिसू लागले होते.

ती सरांकडे गेली होती, आणि बोलता बोलता रडली होती. सरांनी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

"वाळू तापतेय, तनुजा. समुद्र बदलतोय. निसर्ग आपलं गाव बघून चालत नाही."

"माझं काही चुकतंय का, सर?"

"तुझं काहीच चुकत नाहीये."

एक नियम मात्र त्यांनी पुन्हा बजावला. घरट्यांतून निघालेली पिल्लं संध्याकाळी सोडायची ती सूर्य पुरता बुडायच्या आत. अंधारात खेकडे आणि कोल्हे टपलेले असतात म्हणाले. तनुजाने तो नियम व्रतासारखा पाळला.

*

मार्चमध्ये गावाचा कासव-सोहळा होता. कुणी मोठा पाहुणा पुण्याहून यायचा होता आणि त्याची गाडी घाटात अडकली. सर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे घरी पडून होते, एरवी ते दरवेळी हजर असत. शाळेची मुलं पांढरे सदरे घालून स्वागतगीतासाठी रांगेत उभी होती. टोपलीत पिल्लं वळवळत होती. सूर्य गेला. तनुजा मृणालला म्हणाली, "आता नको थांबूया."

"पाच मिनिटं गो. गाडी खाली फाट्यावर आलीये."

पाहुणा आला, हार झाले, चार शब्द झाले, आणि टोपली वाळूवर आडवी केली तेव्हा सगळीकडे अंधार झाला होता. हॉटेलच्या पापण्या केव्हाच्या मिटलेल्या होत्या. इमारत काळ्या फळ्यासारखी उभी होती.

पिल्लं बाहेर पडली. पहिलं थोडं पुढे गेलं आणि थांबलं. त्याने मान वळवली, अंग वळवलं आणि ते समुद्राकडे पाठ करून हॉटेलच्या दिशेने चालू लागलं. त्याच्यामागे दुसरं. मग सगळीच.

"अगो, ही उलट का जातायत?" आई ओरडली.

लोक हसले आधी. मग कुणी हसेना. त्या काळ्या भिंतीकडे ती इवली इवली जनावरं अशी जीव खाऊन धावत होती, जणू तिथेच समुद्र आहे. तनुजाने दोन उचलून पाण्याच्या तोंडाशी ठेवली. ती वळून पुन्हा निघाली.

तिने मान वर केली, आणि तिला मुलांचे सदरे दिसले.

अंधारात मुलांची तोंडं दिसत नव्हती, पण सदरे दिसत होते. फिकट निळसर, मंद, राखेखालच्या विस्तवासारखे. आणि चमक होती ती हॉटेलकडे तोंड केलेल्यांच्या छातीवर. पाठमोऱ्यांची चमकत होती ती पाठ.

मग तिला कधीतरी वर्गात ऐकलेलं आठवलं. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून साबणाच्या पावडरीत एक रसायन घालतात. ते अतिनील किरणं पितं आणि निळा उजेड ओकतं. ती किरणं माणसाला दिसत नाहीत, कारण आपल्या डोळ्यातलं भिंग ती वाटेतच अडवतं. कासवाचं भिंग अडवत नाही. आपल्याला जी भिंत काळीकुट्ट दिसतेय, ती या पिल्लांना दुपारच्या आभाळासारखी पेटलेली दिसत होती.

"मृणाल! सगळ्यांना सांग, हॉटेलकडे पाठ करून ओळीने उभे राहा! खांद्याला खांदा! चादरी, सतरंज्या, असेल ते धरा!"

"काय झालंय काय?"

"भिंत कर आधी, मग सांगते!"

गावाने माणसांची भिंत केली. स्टेजवरचा गालिचा आला, देवळातली जाजमं आली, पाहुण्याने स्वतःचा कोट काढून धरला. त्या भिंतीच्या सावलीत पिल्लं भांबावून थबकली. मग एकेक करून वळली आणि लाटांच्या पांढऱ्या रेघेकडे गेली. काही गेली नाहीत. ती हॉटेलच्या कुंपणाच्या जाळीत अडकून बसली होती, ती तनुजाने हाताने सोडवून आणली.

*

रत्नागिरीच्या पहिल्या बसने ती सरांकडे गेली. बस विजेची, आवाज न करणारी, आणि त्या शांततेत तिचं डोकं नुसतं घणघणत होतं. हॉटेलवाल्यांना तुडवायचं, पण आधी सरांना घेऊन. सर बोलले की सगळा जिल्हा ऐकतो.

सर ओटीवर खुर्चीत बसले होते. पाय स्टुलावर.

"सर, त्यांनी आपल्याला फसवलंय." तिने चप्पलसुद्धा काढली नाही. "पापण्या मिटतात तेव्हा भिंतीवर दुसरे दिवे लागतात. अतिनील. म्हणून माद्या येत नाहीत. तीन वर्षं सर, तीन वर्षं आपण वाळूला दोष देतोय!"

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"काल सोडायला उशीर झाला का?"

"हो. पाहुणा उशिरा आला."

"मला फोन करायचास. मी पुण्याला सांगितलं असतं थोडं उशिरा लावायला."

वाक्य तनुजाच्या कानात शिरलं होतं, पण त्याला अर्थ येत नव्हता.

"काय सांगितलं असतंत?"

"बस, तनुजा."

"काय सांगितलं असतं सर?"

"तो अतिनील दिव्यांचा पट्टा मीच बसवायला लावला. फटींच्या झाकणांवर, बाहेरच्या बाजूला." त्यांचा आवाज वर्गात असे तसाच होता, घाई नसलेला. "माद्यांना खारवेळवरून उठवायचं होतं. दुसरा मार्ग नव्हता. बस आणि ऐक."

ती बसली नाही. सर बोलत राहिले. समुद्र चढतोय, हे तिला माहीत होतं. सुरूच्या बनाच्या बाहेरच्या रांगा पाण्याने नेल्या, हे तिने डोळ्यांनी बघितलं होतं. समुद्र चढला की पुळण मागे सरकते, पण तिला सरकायला जागा लागते. खारवेळच्या मागे हॉटेल, हॉटेलमागे रस्ता, रस्त्यामागे घरं. आणखी वीसेक वर्षांत तिथे वाळू उरणारच नाही. आज तिथे जन्मलेली मादी मोठी होऊन परत येईल तेव्हा तिला दगडी धक्का भेटेल. घारपुळणीमागे नुसतं मोकळं, सखल माळरान. ती पुळण हवी तितकी मागे सरकू शकते. म्हणून आजच्या माद्या तिकडे वळवल्या, तर त्यांच्या लेकी तिकडेच परत येतील.

"आणि हॉटेलचं काय?"

"कासवं गेली की पुळणीवरचे निर्बंध जातात. त्यांना कासवं नको होती, मला ती तिकडे हवी होती. थोडा वेळ दोघांची वाट एक झाली."

"आणि गाव? त्या कासवांवर गावाने घरं बांधलीयत. माझी आई भाकऱ्या भाजून पाहुण्यांना वाढते."

"गाव हा माझा विषय नाही, तनुजा. कासव आहे."

"मी तुमच्यासमोर रडले, सर. याच ओटीवर. तुम्ही मला पाणी दिलंत."

सरांनी स्टुलावरचा पाय जरा सरकवला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"विचारलंत कुठे?"

"विचारायची गरज नव्हती. मी ओळखतो तुला. तू गावाची मुलगी आहेस, तुझ्या हातून हे झालं नसतं. उगाच तुझ्या जिवाला घोर. म्हणून ते ओझं मी घेतलं." आणि मग, जणू तिला बरं वाटावं म्हणून, ते म्हणाले, "दिवे कुठे आणि किती लावायचे ते सगळं तुझ्याच निरीक्षणांवरून ठरवलं. इतकं चोख काम दुसऱ्या कुणाचं नव्हतं."

तनुजा पायऱ्या उतरली आणि फाटक उघडं टाकून थेट बसच्या थांब्याकडे चालू लागली.

*

ग्रामसभेत तिने सगळं सांगितलं. दिवे सरांचे हेही, आणि जामीन आपण राहिलो होतो हेही. सरांचं म्हणणंही सांगितलं, कारण ते लपवलं असतं तर आपण त्यांच्यासारखेच झालो असतो, असं तिला वाटलं.

"म्हणजे तुला माहीतच नव्हतं?" मागून एकजण म्हणाला. "त्यांचा उजवा हात तू, आणि तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"आम्ही शेंगा खाल्ल्या नाहीत, टरफलं उचलणार नाही, असं सगळेच म्हणतात!"

आई उठली आणि त्या माणसाला काहीबाही बोलली, पण तनुजाने तिला खाली बसवलं. त्या माणसाचं चुकत होतं असं तिला म्हणवेना. ती स्वतः त्याच्या जागी असती तर तिनेही हेच विचारलं असतं.

गावाने हॉटेलला जाब विचारला. हॉटेलने वकील उभा केला. आपल्या दिव्यांनी कुणाला इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, उलट गावानेच जमाव करून करार मोडला, तेव्हा आता पापण्या मिटवायला आम्ही बांधील नाही, असं तो म्हणाला. हॉटेलने पापण्या उघडल्या, आणि त्यानंतर कोर्टाने जैसे थे ठेवायला सांगितलं. त्या हंगामाच्या उरलेल्या रात्री हॉटेल सताड डोळे उघडून समुद्राकडे बघत राहिलं. सरांची बातमी पेपरात आली, दोन दिवस गाजली आणि विरली. त्यांचा फोन तीनदा आला. तिने उचलला नाही.

पावसाळ्यात तिला घरात बसवेना. सर खोटे पडावेत, निदान समुद्राच्या बाबतीत तरी, या एका हट्टाने ती भर पावसात दोन्ही पुळणींची उंची घेत हिंडली. दर मोठ्या भरतीनंतर वाळू किती गेली, किती परत आली, हे ती मोजत होती. एकदा तरी आकडा त्यांच्या विरुद्ध जावा म्हणून ती अक्षरशः देवाला हात जोडत होती. गेला नाही. खारवेळची वाळू दर भरतीला थोडी कमी होऊन परत येत होती. घारपुळणीची सरकत होती, पण तेवढीच राहत होती.

ज्याने आपल्याला फसवलं तो बरोबर निघावा, यासारखं दुसरं दुःख नाही.

दिवाळीनंतर मृणाल घरी आली. चहाला हात न लावता म्हणाली, "तनू, एक काम आहे. तूच करू शकतेस."

"बोल."

"ते अतिनील दिवे आता कुठेही मिळतात. तो पट्टा पुण्याच्या माणसांनी लावला, पण पापण्या आपल्या पोरांनीच बसवल्यायत, त्यांना जोडणी येते. घारपुळणीवर लावले, तर माद्या इकडे परत येतील ना?"

"तू हे मला विचारतेस?"

"कुणाला विचारू मग? दिवसा आत जातील, रात्री बाहेर येतील. माझ्या फोनवरून चालतील. कुणाला दिसणारसुद्धा नाहीत."

"मृणाल, इथे हॉटेल उघडं आहे. तिथे तुम्ही लावलेत तर त्यांनी जायचं कुठे?"

"हॉटेलचं कोर्टात बघू. तोवर निदान तिकडे तरी जाऊ नयेत. यंदा एकाही घरात पाहुणा नाही. तुझ्या आईच्या खोल्या रिकाम्या आहेत, दिसत नाही तुला?"

"दिसतं. पण मी करणार नाही."

"सरांनी केलं तेव्हा तुला कळलंसुद्धा नाही," मृणाल उठत म्हणाली, "आणि आम्ही करतोय तेव्हा नाही म्हणतेस."

गावाने तिच्याशिवाय लावले. घारपुळणीच्या कडेने बांबू रोवले गेले, बांबूंत तसल्याच काड्या, टोकाला अतिनील दिवे. तनुजाने एका संध्याकाळी जाऊन दोन बांबू उपटले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा जागेवर होते, आणि वाटेत भेटलेल्या माणसांनी तिला ओळख दिली नाही. तिच्या आईशी विहिरीवर कुणी बोलेना.

*

जानेवारीतल्या एका सकाळी, नुकतं उजाडत असताना, मासळीच्या जेट्टीवरून हाक आली. होड्या परतत होत्या, आणि होडीवाले उतरायचे सोडून काठाशी थिजून उभे होते.

जेट्टीच्या उतारावर, होड्या ओढायच्या त्या सिमेंटवर, एक मादी होती. मागच्या पायांनी ती खणत होती. सिमेंट खणलं जात नव्हतं. तरी एक पाय, मग दुसरा पाय, पुन्हा पहिला, असं तिचं चाललंच होतं. पायांची कातडी सोलून निघाली होती आणि उतारावर रक्ताचे ओघळ होते. मग ती थांबली, आणि तिथेच, उघड्यावर, अंडी घालू लागली. पांढरी, ओली, पिंगपाँगच्या चेंडूसारखी अंडी उतारावरून घरंगळत पाण्याकडे जाऊ लागली.

तनुजा पळत आली ती थेट उतारावर पालथी पडली. ओढणी पसरून तिने अंडी अडवली. "बादली!" ती ओरडली. "वाळू घाला तळाशी! गोल फिरवू नका, जसं उचललंत तसं ठेवा!"

कुणीतरी मासळीची बादली रिकामी केली. कुणीतरी वाळू आणली. तिच्या शेजारी एक बाई गुडघ्यांवर बसून अंडी वेचायला लागली. तनुजाने बघितलं, ती मृणाल होती. मादी शेवटी सवयीने मागचे पाय हलवून नसलेली वाळू अंड्यांवर लोटू लागली. बराच वेळ लोटत होती. मृणालने तोंडावर पदर घेतला.

मग मादी घसरत पाण्यात गेली.

तनुजाने मृणालकडे वळून घारपुळणीच्या दिशेने बोट केलं. "बंद कर."

मृणालने फोन काढला आणि घारपुळणीचे दिवे बंद केले. "पोरांना सांगते, बांबू आजच काढा म्हणून."

बादली जड झाली होती. अंडी लवकर पुरायला हवी होती, ऊन चढायच्या आत. जिथे पुरायची, तिथली खूण त्या पिल्लांच्या डोक्यात बसणार होती, आणि एवढी जमलेली माणसं तनुजा कुठे वळते ते बघत होती. खारवेळची पुळण डाव्या हाताला, हाकेच्या अंतरावर. तिथे तिचं घर, तिच्या आईच्या रिकाम्या खोल्या.

तनुजा उजवीकडे वळली, डोंगराच्या सोंडेकडे. मागे कुजबुज झाली. मृणाल धावत आली.

"ही वाट घारपुळणीची आहे, तनू."

"माहीत आहे."

"म्हणजे ते आजगावकर बरोबर होते?"

तनुजाने बादली क्षणभर खाली टेकवली. दोन्ही तळव्यांवर कडीचे वळ उठले होते.

"पाण्याबद्दल बरोबर होते," ती म्हणाली. "माझ्याबद्दल नाही."

तिने पुन्हा कडीला हात घातला. मृणालने मागे जमलेल्या माणसांकडे एकदा वळून पाहिलं, मग पुढे होऊन कडीची दुसरी बाजू धरली, आणि अंडी हिंदकळू नयेत म्हणून दोघी पावलाला पाऊल जुळवत चढण चढू लागल्या.